सव्विसावी शर्यत

तायडेकाका माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते हयातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला. आपण जिवंत असल्याचा सरकारी कागद हातात, आणि चेहरा असा दमलेला की कागदाचं खरं मानावं की चेहऱ्याचं, हे मला कळेना. मी दोन प्रती जास्त काढून दिल्या. म्हटलं, काका, लागतील.

अकोल्याला जठारपेठेत तेव्हा माझा सायबर कॅफे होता. पाटीवर 'इंटरनेट, झेरॉक्स, गेम' असं लिहिलेलं. इंटरनेट इतकं हळू होतं की एका माणसाने मुलीचं स्थळ उघडायला घेतलं आणि फोटो पूर्ण दिसेपर्यंत मुलीचं लग्न दुसरीकडे जमलं. झेरॉक्सचं मशीन उन्हाळ्यात कागदाचे पापड भाजून द्यायचं. राहता राहिले गेम, आणि दुकान त्यांच्यावरच चालायचं. आठ कॉम्प्युटर, त्यातले पाच चालू, आणि त्या पाचातल्या चार नंबरला प्लास्टिकचं स्टिअरिंग आणि पायात दोन पॅडल. इंजिनीअरिंगचे पोट्टे त्या चार नंबरसाठी एकमेकांच्या कॉलरी धरायचे. बाहेर त्या वर्षांत वऱ्हाडाला काही बरं चाललं नव्हतं. पेपरात पहिल्या पानावर रोज एक आकडा यायचा आणि तो आदल्या दिवसाहून मोठा असायचा. आठ तास, दहा तास भारनियमन. कापूस घरात पडलेला. सगळा जिल्हा भिंतीला टेकून बसल्यासारखा झाला होता. माझ्या दुकानात मात्र पोट्टे ताशी तीनशेच्या वेगाने समुद्रकिनाऱ्यावरून लाल गाड्या पळवायचे.

झेरॉक्स निघेपर्यंत तायडेकाका चार नंबरमागे उभे राहिले. पडद्यावर गाड्या एकामागून एक गिरक्या घेत होत्या, शर्यतीआधी निवडायला. काकांनी एकेक गाडी पाहिली, बाजारात बैल पाहतात तशी, पाय आणि तोंड बघून. मग मला विचारलं, यात जुनी गाडी नाही का? मी म्हटलं, जुनी कोण चालवणार काका, हरायला? काका प्रती घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, झेरॉक्स न काढता.

तायडेकाका म्हणजे सरकारी कचेरीतले निवृत्त ड्रायव्हर. सव्वीस वर्षं नोकरी, त्यातली एकोणीस एकाच पांढऱ्या अँबॅसिडरवर. त्या गाडीचं वर्णन त्यांच्या तोंडून ऐकावं. तिचं तोंड म्हणे दोन्ही गाल फुगवून बसलेल्या मामीसारखं. वळणावर ती अशी कलायची की मागच्या सीटवरचे साहेब एकमेकांच्या मांडीवर जायचे आणि त्यातून दोन खात्यांमधलं वैर मिटायचं. काका निवृत्त झाले त्याच वर्षी गाडीही निर्लेखित झाली. सरकारला जी वस्तू नको असते तिच्यासाठी एवढा सुंदर शब्द फक्त सरकारच काढू शकतं. मग ती कचेरीच्या आवारात लिंबाखाली उभी राहिली. आधी टायर गेले, मग दिवे गेले. काका रोज सकाळी सायकलवर जायचे, तिची पुढची काच पुसायचे आणि यायचे. एक दिवस गेले तर लिंबाखाली चार विटा होत्या.

"माणूस मरते तं तेरवी तरी असते," काकू एकदा दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून मला म्हणाल्या. "याइच्या गाडीले ते बी नाही. आयुष्यभर सरकारची गाडी चालवली, आता तुमच्याइथं येऊन भुताची चालवून राहिले." काकांनी स्टिअरिंगवरून मान न वळवता सांगितलं की भुताच्या गाडीले डिझेल नाही लागत.

पहिली शर्यत त्यांनी कशी चालवली ते पाहायला सगळं दुकान जमलं होतं. हिरवा दिवा लागला, पाच गाड्या सुटल्या. काका थांबले. मी म्हटलं, चला की काका. ते म्हणाले, "त्याइले जाऊ द्या, घाई दिसते." मग पहिला गियर, मग दुसरा, हॉर्न कुठे आहे म्हणून विचारणा, हॉर्न नाही कळल्यावर मोठा सुस्कारा. मागून एक फेरी पूर्ण करून येणाऱ्या गाडीला त्यांनी बाजूला होऊन साईड दिली. समोरचा रस्ता रिकामा पाहून ते बेचैन झाले. ना गाय, ना ट्रॅक्टर, ना रस्त्यात वाळत घातलेली तूर. कोणाचा रस्ता हाय हा, म्हणाले. बाकीच्यांची शर्यत तीन मिनिटांत संपली. काका पोचले तेव्हा, माझ्या आठवणीप्रमाणे, ऋतू बदलला होता.

पोट्टे हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. काका हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. खिशातून एक लांबडी वही काढली, पेन काढलं आणि लिहिलं: निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, किती किलोमीटर, प्रयोजन. प्रयोजनाच्या रकान्यात 'शर्यत'. मग वही माझ्यापुढे धरली. वापरणाऱ्या अधिकाऱ्याची सही. ड्रायव्हरने गाडीत बसलं की आधी मीटर पाहायचं, उतरताना पुन्हा पाहायचं, आणि मधलं सगळं वहीत. ही सवय त्यांच्या हाडात होती. मी सही केली. पुढे अकरा महिने करत राहिलो. माझ्या आयुष्यात मी अधिकारी होतो तो तेवढाच काळ.

पण जुनी गाडी काही मिळेना. मी गेमच्या चार सीडी आणल्या. प्रत्येकीत शंभरेक गाड्या, सगळ्या चकाचक, सगळ्या जमिनीला पोट लावून बसलेल्या. काका प्रत्येक सीडीतल्या सगळ्या गाड्या एकदा बघायचे आणि मान हलवायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. नव्या गाड्या डिंकाने रस्त्याला चिकटवलेल्या असतात, त्यांना वळणाची भीतीच नाही, मग चालवणाऱ्याला करायला उरलं काय? जुन्या गाडीला सांभाळावं लागतं. ती तुमच्याकडून काम करून घेते. मी म्हटलं, काका, पोट्ट्यांना जिंकायचं असतं, सांभाळायचं नसतं, म्हणून गेम करणारे जुन्या गाड्या टाकत नाहीत. "टाकाव्या नं दोन-चार," ते म्हणाले. "वरातीत एखादा म्हातारा चालते नं?"

शेवटी मी त्यांना अमरावतीला घेऊन गेलो. तिथे रफिकभाई म्हणून एक सीडीवाला होता. त्याच्या एवढ्याशा खोक्यात इतक्या सीड्या होत्या की तो आतून बाहेर यायचा तेव्हा आधी चार ढीग हलवून स्वतःलाच शोधायचा. मी जुन्या गाड्यांचा गेम मागितला. त्याने एक काढला, त्यात अमेरिकेच्या गाड्या, पंखवाल्या, मालगाडीच्या डब्याएवढ्या. काकांनी बघितलं आणि म्हणाले, हे गाडी नाही, हे जिनिंगचं शेड हाय. रफिकभाई दुखावला. म्हणाला, "चचा, पुरानी गाडी का ग्राहक महिने में एक आता है, और वो भी तुम." पण माणूस जिद्दी होता. तासाभराने आतून एक धुळीची डबी काढली. डबीच्या मागच्या बाजूला नखाएवढी चित्रं, आणि त्यातल्या शेवटच्या नखावर एक गाडी. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, डबी डोळ्याला लावली, आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"गाल पाहा," एवढंच म्हणाले.

ती अँबॅसिडर नव्हती. आपली गाडी ज्या विलायती गाडीवरून काढली, ती. म्हणजे थोरली बहीण. तेच टोपलीसारखं छप्पर, तेच गोल दिवे. फक्त एक अडचण होती. ती गाडी सुरुवातीला मिळत नव्हती. पडद्यावर तिची नुसती काळी सावली दिसायची आणि वर कुलूप. नव्या गाड्या चालवून पंचवीस शर्यती पहिल्या नंबराने जिंकल्या की कुलूप उघडणार. परतीच्या एसटीत, बडनेरा गेल्यावर, काकांनी मला सांगितलं की त्यांना शर्यतीशी काही घेणं नाही. ती गाडी एकदा मोकळ्या रस्त्यावर स्वतःसाठी चालवायची आहे. एकदाच. मी म्हटलं, त्यात काय, पंचवीस शर्यती मी तुम्हाला दोन दिवसांत जिंकून देतो. ते खिडकीबाहेर बघत राहिले. दुसऱ्याच्या ड्युटीवर आपली सही करायची नसते, म्हणाले.

तर पुढचे कित्येक महिने काका जिंकायला शिकले. वेग त्यांचा शेवटपर्यंत बेताचाच होता, पण त्यांनी एक गोष्ट हेरली. त्या गेममधल्या बाकीच्या गाड्यांना वळणावर एकमेकींना ढकलायची खोड होती. काका मागून सावकाश यायचे आणि ढिगाऱ्याला वळसा घालून पुढे जायचे. एका शर्यतीत पाचही गाड्या एका पुलावर एकमेकींत अडकल्या आणि काका ताशी चाळीसने पहिले आले. पोट्ट्यांनी त्या दिवशी त्यांना खुर्चीसकट उचललं. काका वरूनच म्हणत होते, आधी मीटर पाहू द्या.

आणि मग मी दुकान बंद करायचं ठरवलं. घरोघरी कॉम्प्युटर आले होते, उरलेलं भारनियमनाने खाल्लं. आठही मशीन धामणगाव रेल्वेच्या एका कॉम्प्युटर क्लासवाल्याला विकली. शनिवारी दुपारी टेम्पो येणार. गुरुवारी मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांच्या तेवीस शर्यती झाल्या होत्या. त्यांनी वही उघडली, तेवीस मोजल्या, बंद केली. सीडी घरी नेऊन उपयोग नव्हता, त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. आणि जिंकलेलं सगळं त्या चार नंबरच्याच पोटात साठलेलं.

शुक्रवारी सकाळपासून दिवे नव्हते. संध्याकाळी आले तर काका काकूंना घेऊन दवाखान्यात. मला राहवेना. शनिवारी सकाळी सात वाजता मी दुकान उघडलं, चार नंबर लावला आणि काकांच्या नावाने एक शर्यत जिंकून टाकली. मी असं समजत होतो की पुण्य करतोय. म्हातारा एक जिंकेल, कुलूप उघडेल, टेम्पो यायच्या आत फिरवून आणेल. दोनच्या जागी एक. कोणाला कळणार होतं?

काका साडेआठला आले. बसले. सवयीने आधी आकडा पाहिला. मग वही पाहिली. मग पुन्हा आकडा.

"भाऊ," ते म्हणाले, "हे चोवीस कसे?"

मी म्हटलं, तुमची मोजण्यात चूक झाली असेल. सव्वीस वर्षं सरकारी मीटर लिहिणाऱ्या माणसाला मी हे म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खूप गोष्टी लपवलेल्या आहेत आयुष्यात, बायकोपासून, बँकेपासून, पण त्या नजरेपुढे मी तीन सेकंद टिकलो.

"ते ट्रिप माही नाही," ते म्हणाले. "माह्या अजून दोन बाकी हायेत."

ती शर्यत पुसता येत नव्हती. मी सगळं करून पाहिलं. काका रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त स्टिअरिंग हातात घेतलं. दोनदा दुसरे आले, एकदा चौथे. अकराच्या सुमारास पहिले आले. पडद्यावर फटाके फुटले, काळ्या सावलीवरचं कुलूप गळून पडलं आणि ती गाडी उजेडात आली. गोल दिवे, चकचकीत बंपर, फुगलेले गाल. ती हळूहळू गिरकी घेत होती. मी म्हटलं, काका, घ्या, झालं. त्यांनी तिला एक पूर्ण गिरकी घेऊ दिली. मग बटन दाबून मागे गेले आणि त्यांची नेहमीची निळी नवी गाडी काढली, पुढच्या शर्यतीसाठी. आणि नेमके दिवे गेले.

तीन तास आम्ही त्या दुकानात बसलो. आमच्याकडे मे महिन्यात डांबर रस्ता सोडून सावलीला जाऊन बसतं. पंखा बंद, शटर अर्धं ओढलेलं. त्यांना एकटं सोडून मला जाववत नव्हतं आणि ते हलत नव्हते. तेव्हा मी विचारलं, काका, एका गाडीसाठी एवढं काय? आणि मग त्यांनी सांगितलं, जे एसटीत सांगितलं नव्हतं.

शेवटची सहा-सात वर्षं त्या पांढऱ्या गाडीचं एकच काम उरलं होतं. पेपरात आकडा वाढला की ज्या घरच्या शेतकऱ्याने जीव दिला त्या घरी चौकशीला जायचं. साहेब आत जायचे, कागद भरायचे. काका बाहेर गाडीत. बाळापूरकडच्या एका गावात चौकशी चालू असताना घरातली म्हातारी तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आली, ड्रायव्हर उन्हात आहे म्हणून. काका पाणी प्याले. म्हातारीने बॉनेटवर हात ठेवला आणि विचारलं, गाडी तुझीच का? सरकारची हाय माय, काका म्हणाले.

"परवा काहून नाही आनली बापू?"

बस, एवढंच ती बोलली. तांब्या घेऊन आत गेली.

त्यानंतर काकांनी ती गाडी कुठल्याच अशा घराच्या दारात नेली नाही. गाव अर्धा मैल राहिलं की गाडी गरम व्हायची. साहेबांना उतरून चालत जावं लागायचं. जानेवारीच्या थंडीत, दात वाजत असताना, गाडी गरम. वाहन वारंवार गरम का होते, याबद्दल त्यांना दोनदा कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्यांनी दोन्ही वेळा उत्तर लिहिलं की वाहन जुने आहे.

"पण गावातले लोक पांढरी गाडी लांबूनच वळखत," काका म्हणाले. "रस्त्याच्या बाया बाजूले सरत. पोट्टे घरात पळत. एकोणीस वर्षं चालवली भाऊ, आन् शेवटी अशी झाली ते. मले ते एकदा अशी चालवाची हाय का कोनाच्याच दारात जाऊ नाही लागलं पायजे."

मी वाचाळ माणूस आहे. त्या दिवशी मी उठून माठातलं पाणी आणलं, आणि ते त्यांना देतानाही ओशाळलो.

दोन वाजता टेम्पो आला. दिवे सव्वादोनला आले. टेम्पोवाला मूर्तिजापूरचा एक तरणा गडी होता, मशीन उचला म्हणून घाई करायला लागला. काकांनी त्याला विचारलं, किती वर्षं गाडी चालवतो, लायसन केव्हा काढलं, वगैरे, आणि मग म्हणाले की माझी एक ट्रिप बाकी आहे. ड्रायव्हरने ड्रायव्हरला सांगितलं. तो सात मशीन चढवून पायरीवर विडी ओढत बसला.

सव्विसावी शर्यत काका कशी जिंकले ते मी वाढवून सांगू शकतो, पण सांगत नाही. अर्ध्या गाडीने जिंकले. वहीत लिहिलं. मी सही केली.

मग त्यांनी जुनी गाडी घेतली. शर्यत नाही, नुसता सरावाचा रस्ता, दुसरं कोणी नाही. गाडी बाटलीच्या काचेसारखी हिरवी होती. रंग बदलायचं बटन होतं, मी पांढरा करून देतो म्हणून हात पुढे केला.

"राहू द्या," काका म्हणाले. "बरं हाय, हिरवी हाय."

त्यांनी चावी फिरवल्यासारखं केलं आणि आवाज आला तो शर्यतीच्या गाडीचा, कान फाडणारा. गेमवाल्यांनी म्हातारीच्या गळ्यात पोट्ट्याचा आवाज बसवला होता. एवढ्या दुर्मीळ गाडीला स्वतःचा आवाज द्यायचीही कोणाला गरज वाटली नव्हती. काकांनी मान हलवली आणि मला स्पीकर बंद करायला सांगितलं. मग दुकानात आवाज उरला पंख्याचा आणि काकांच्या घशातला. अगदी बारीक. पहिला गियर, दुसरा, चढावर थोडी धाप, तिसरा. त्यांना कळतही नसावं की ते तो काढताहेत.

गाडी वळणावर कलली. काकाही कलले. रस्ता डोंगरातून गेला, मग एका गावातून, लाल छपरांचं परदेशी गाव, दारं बंद, माणूस कोणी नाही. काका हळू झाले, पण थांबले नाहीत. गाव संपलं. पुढे लांबच लांब सपाट रस्ता, दोन्हीकडे पिवळं शेत. अकरा मिनिटं चालवली त्यांनी. टेम्पोवाला विडी विझवून त्यांच्या मागे येऊन उभा राहिला होता. मग काकांनी गाडी रस्त्याच्या कडेला, पूर्ण कच्च्यावर उतरवून लावली, ब्रेक दाबून पाहिला, आणि उठले.

मी म्हटलं, काका, हा चार नंबर मी देत नाही. क्लासवाल्याला सातच पाठवतो, हा तुम्ही घरी न्या. मी मनापासून म्हणत होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पहिल्यांदाच. नको म्हणाले. आता घरी नेऊन काय करायचं. झालं ते.

टेम्पोवाल्याने चार नंबर उचलला. वायर काढताना पडद्यावर ती हिरवी गाडी तशीच उभी होती, मग नव्हती.

काकांनी सायकल काढली. मी शटर ओढत पायरीवर उभा होतो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, अडीच-तीनचं ऊन. चौकात त्यांना उजवीकडे वळायचं होतं. त्यांनी मागे पाहिलं, रस्ता दोन्हीकडे रिकामा होता, तरी उजवा हात पूर्ण लांब काढला आणि वळले. मी पाहत राहिलो. वळण केव्हाच झालं होतं, सायकल पार पुढे गेली होती, आणि काकांचा हात अजून बाहेर होता.